थोरला भाऊ

आल्सेस प्रांतातील कोलमार या गावी अॅडमिरल ब्रुआ नावाच्या फ्रेंच आरमारी अधिकाऱ्याचे स्मारक होते. न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा ज्याने घडवला त्या बार्तोल्दीचेच हे काम. वर अॅडमिरल ताठ उभा, आणि खाली पायथ्याशी दगडात कोरलेल्या काही आकृती. त्यांत एक आकृती आफ्रिकी पुरुषाची होती. अंगाने मल्लासारखा, पण चेहऱ्यावर न सांगता येणारी खिन्नता. जवळच्या गुन्सबाख खेड्यातल्या पाद्र्याचा एक मुलगा कोलमारला आला की हट्टाने तिथे जाई आणि त्या चेहऱ्याकडे बघत राही. वरच्या अॅडमिरलकडे त्याने फारसे कधी पाहिले असेल असे वाटत नाही.

हा मुलगा म्हणजे आल्बर्ट श्वाइट्झर. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना थोरामोठ्यांच्या चरित्रांत त्यांचे नाव वाचलेले असते. मोठ्या मिशा, डोक्यावर उन्हाळी टोप, मांडीवर हरणाचे पाडस आणि भोवती घनदाट जंगल, असे त्यांचे चित्र आपल्या मनात असते. सेवेचा पुतळा म्हणून आपण त्यांना नमस्कार करतो आणि पान उलटतो. मीही तेच केले होते. पण गेल्या वर्षी आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक लहानशी गोष्ट घडली आणि श्वाइट्झर पुन्हा वाचावेसे वाटले. आम्ही पन्नास मुले-मुली एका खेड्यात सात दिवस चर खणत होतो. गावातली माणसे बांधावर बसून आमच्याकडे पाहत होती. एका म्हाताऱ्या आजोबांनी मला हळूच विचारले, बाळा, हा चर इथं खणायचा असं कोणी ठरवलं? पाणी तर पलीकडून येतं. माझ्याजवळ उत्तर नव्हते. चर कोठे खणायचा हे आम्ही गावात पाऊल टाकण्यापूर्वीच ठरले होते. त्या आजोबांचा प्रश्न मनात घेऊन मी हे चरित्र वाचले, आणि तोच प्रश्न घेऊन ते येथे सांगतो आहे.

श्वाइट्झरांचा जन्म 14 जानेवारी 1875 रोजी कायझर्सबर्ग येथे झाला. आल्सेस हा दोन राष्ट्रांच्या ओढाताणीत सापडलेला मुलूख. 1871 मध्ये तो फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला होता. त्यामुळे जन्माने ते जर्मन नागरिक, पण फ्रेंचही त्यांना तितकीच जवळची. बुद्धी अशी की एका माणसात इतके मावावे कसे, याचे नवल वाटावे. 1899 मध्ये त्यांनी कांटच्या धर्मविषयक तत्त्वज्ञानावर डॉक्टरेट मिळवली. पॅरिसला विदोर या नामवंत वादकाकडे ते ऑर्गन शिकले. 1905 मध्ये बाख या संगीतकारावर त्यांचा फ्रेंच ग्रंथ निघाला, आणि 1906 मध्ये येशूच्या ऐतिहासिक चरित्राच्या शोधावरचा ग्रंथ. या दुसऱ्या ग्रंथाने धर्मशास्त्राच्या अभ्यासकांत मोठी खळबळ उडवली. तिशीच्या आतबाहेर तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र आणि संगीत या तिन्ही क्षेत्रांत या माणसाचे नाव झाले होते. आपल्याकडे एवढ्या भांडवलावर एखाद्याने उरलेले आयुष्य सत्कारांत काढले असते.

पण 1896 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षीच, त्यांनी मनाशी एक संकल्प केला होता. आपल्याला मिळालेले सुख ही फुकटची देणगी नाही, त्याची परतफेड केली पाहिजे. तेव्हा तीस वर्षांपर्यंत विद्या आणि कला, आणि त्यानंतर माणसांची प्रत्यक्ष सेवा. 1904 च्या शरद ऋतूत पॅरिसच्या मिशनरी संस्थेच्या मासिकातला एक लेख त्यांच्या नजरेस पडला. फ्रेंच काँगोचा उत्तर भाग म्हणजे गाबोन, आणि तेथे काम करायला माणसे नाहीत, अशी त्यात हाक होती. त्यांनी ठरवले. 1905 च्या ऑक्टोबरात आप्तेष्टांना पत्रे टाकली आणि वयाच्या तिसाव्या वर्षी हा प्राध्यापक वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात जाऊन बसला. घरच्यांनी आणि मित्रांनी वेड्यात काढले. आफ्रिकेसाठी व्याख्याने देऊन पैसे गोळा कर की, तिथे जायची काय गरज, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे!

अडचण निघाली ती वेगळ्याच बाजूने. येशूविषयी त्यांची मते मिशनच्या चौकटीत बसणारी नव्हती. आफ्रिकेत माणसे औषधावाचून मरत होती आणि पॅरिसमध्ये डॉक्टरच्या श्रद्धेची तपासणी चालली होती. अखेर फक्त वैद्यकी करीन, प्रवचन करणार नाही, असे कबूल केल्यावर जाण्याची वाट मोकळी झाली. पुढे स्थानिक मिशनऱ्यांनीच ती अट सोडून दिली, हे ओघाने आले. 1912 मध्ये हेलेन ब्रेसलाऊ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हेलेन या स्ट्रासबुर्गच्या एका इतिहासकाराच्या कन्या. पतीच्या कामात साथ देता यावी म्हणून त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. 1913 च्या मार्चमध्ये दोघे निघाली आणि एप्रिलमध्ये ओगोवे नदीवरील लांबारेने येथे पोचली.

दवाखान्याला इमारत नव्हती. एक जुने, रिकामे पडलेले कोंबड्यांचे खुराडे झाडून, चुना मारून घेतले आणि तेथे शस्त्रक्रिया सुरू झाल्या. पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे 2000 रोगी तपासले गेले. शेकडो किलोमीटरवरून होड्यांनी माणसे येत. हिवताप, निद्रारोग, कुष्ठरोग, आमांश, चिघळलेल्या जखमा आणि अडकलेला अंतर्गळ. हा शेवटचा विकार तर भयंकर. वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर माणूस तडफडून मरतो. असा माणूस कळवळत येई, भुलीत जाई आणि जागा झाल्यावर दुखणे नाहीसे झालेले पाही. हा वैद्य आधी माणसाला मारतो, मग बरे करतो आणि मग उठवतो, अशी त्यांची ख्याती नदीकाठाने पसरली. लोक त्यांना ओगांगा म्हणत, म्हणजे मांत्रिक, देवऋषी. मोबदला म्हणून कोणी केळीचा घड आणी, कोणी अंडी, कोणी कोंबडी. त्या वेळी त्या प्रदेशात दूरदूरपर्यंत डॉक्टर नव्हता, ही गोष्ट पुढचे सगळे वाचताना विसरायची नाही. त्या खुराड्यात ज्यांचे प्राण वाचले त्यांना वर्ण आणि सत्ता यांवरचा आपला लेख वाचायची गरज नव्हती.

आता जोसेफविषयी. श्वाइट्झरांच्या चरित्रांत जोसेफ आझोआवानी दोन ओळींत आटोपतो. मला तो जास्त वेळ थांबवतो. तो गालोआ जमातीचा, पूर्वीचा स्वयंपाकी. प्रथम रोगी म्हणून आला आणि मदतनीस म्हणून राहिला. अनेक स्थानिक भाषा त्याला येत, शिवाय फ्रेंच आणि बऱ्यापैकी इंग्रजी. श्वाइट्झरांना मात्र तेथील भाषा पन्नास वर्षांत नीट शिकता आल्या नाहीत. त्यांचे काम दुभाष्यावरच चाले. म्हणजे रोगी आणि डॉक्टर यांच्यामधला पूल हा जोसेफ होता. पूर्वी स्वयंपाकी असल्यामुळे शरीराचे भाग तो खाटकाच्या भाषेत सांगे. या माणसाची उजवी तंगडी दुखते, या बाईच्या डाव्या बरगडीच्या मांसात कळ आहे, असे. श्वाइट्झरांनी ही गंमत पुस्तकात लिहिली आणि सारा युरोप हसला. पण ज्याला दोन परक्या भाषा येत होत्या तो विनोदाचा विषय झाला, आणि ज्याला तिथली एकही धड येत नव्हती त्याने तो विनोद सांगितला, हे त्या काळी कोणाच्या ध्यानात आले नसावे. पहिल्या महायुद्धात पैशांची टंचाई झाली तेव्हा श्वाइट्झरांनी त्याचा पगार 70 फ्रँकांवरून 35 वर आणला. इतक्या कमी पैशांत राबणे आपल्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे सांगून जोसेफ निघून गेला. श्वाइट्झरांनी हेही प्रांजळपणे लिहून ठेवले आहे, पण किंचित हसत. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. डॉक्टर स्वयंसेवक होता. जोसेफ स्वयंसेवक नव्हता, नोकर होता. युरोपात नाव, ग्रंथ आणि विद्यापीठ पाठीशी असलेला माणूस फुकट राबू शकतो. ज्याला लग्नासाठी पैसा साठवायचा आहे तो कसा राबणार? पुढे 1924 नंतर जोसेफ परत आला, ही गोष्ट दोघांनाही शोभणारी आहे.

महायुद्धाने एक चमत्कारिक खेळ केला. 1914 च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले आणि फ्रेंच वसाहतीतले हे जर्मन दांपत्य शत्रू ठरले. त्यांच्याच घरात त्यांना नजरकैदेत ठेवले आणि दाराशी पहारा बसवला तो काळ्या शिपायांचा. काही महिन्यांनी काम करायची परवानगी मिळाली. त्याच सुमारास, युद्धात गोऱ्यांनी गोऱ्यांना मारले हे ऐकून एका म्हाताऱ्या आफ्रिकी माणसाने त्यांना विचारले की, या लोकांचे पुढारी एकत्र बसून बोलत का नाहीत, आणि एवढ्या मेलेल्यांची भरपाई ते देणार कोठून? त्याच्या समाजात लढाईत मारलेल्या प्रत्येक माणसाची भरपाई द्यावी लागे. प्रेमाचा धर्म शिकवायला आलेल्यांना हा प्रश्न पडला नव्हता. श्वाइट्झरांनी तो नोंदवून ठेवला, यात त्यांचे मोठेपण आहे. 1915 च्या सप्टेंबरात नदीतून प्रवास करताना, पाणघोड्यांच्या कळपाजवळून बोट जात असता, त्यांना आपल्या तत्त्वज्ञानाचे सूत्र सापडले. जीवनाविषयी आदर, सर्व प्रकारच्या जीवनाविषयी. पुढे खांबासाठी खड्डा खणला की त्यात एखादा बेडूक वा मुंगी अडकली नाही ना, हे पाहिल्याशिवाय ते खांब उतरवू देत नसत. 1917 मध्ये दोघांना कैदी म्हणून फ्रान्सला नेले, छावण्यांत ठेवले, आणि 1918 मध्ये ती आजारी अवस्थेत आल्सेसला परतली. 1919 च्या 14 जानेवारीला, बापाच्याच वाढदिवशी, मुलगी ऱ्हेना जन्मली.

लांबारेनेच्या पहिल्या मुक्कामावरचे त्यांचे पुस्तक 1920-21 च्या सुमारास युरोपीय भाषांत निघाले आणि त्याने त्यांना जगभर पोचवले. याच पुस्तकात ते वाक्य आहे ज्याने पुढे त्यांचा पाठलाग केला. शब्दशः न देता आशय सांगतो. आफ्रिकी माणूस माझा भाऊ आहे, पण मी थोरला आणि तो धाकटा. त्याच्याशी वागताना जिव्हाळा हवा, पण अधिकारही हवा. याला पुरावा म्हणून त्यांनी एका मिशनऱ्याची हकीकत दिली आहे. हा गृहस्थ मिशन सोडून एका गावाजवळ घर बांधून राहिला आणि गावकऱ्यांत त्यांच्यापैकीच एक होऊन राहू लागला. त्या दिवसापासून त्याची रया गेली, त्याच्या शब्दाला किंमत उरली नाही, असे श्वाइट्झर सांगतात. यावर त्यांचा निष्कर्ष असा की अंतर राखलेच पाहिजे. मी ही हकीकत दोनदा वाचली. त्या मिशनऱ्याची किंमत गेली हे खरे असेल. पण त्याला किंमत होती ती कशामुळे? त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या फ्रेंच सत्तेमुळे, तिच्या बंदुकीमुळे आणि खजिन्यामुळे. ते वलय त्याने उतरवून ठेवले आणि तो साधा माणूस झाला. साध्या माणसाचे कोण ऐकतो? आपल्या गावात तरी कोण ऐकतो?

आपल्याला थोरला भाऊ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. एकत्र कुटुंबात दादा स्वतः उपाशी राहील पण धाकट्यांना घास देईल. दादा रात्रभर उशाशी बसेल. पण तिजोरीची किल्ली दादाच्या जानव्याला किंवा कनवटीला असते, व्यवहार दादा बघतो, आणि धाकट्याने चाळिशी ओलांडली तरी तुला त्यातले काय कळते हे वाक्य त्याला ऐकावे लागते. प्रेम खरे आणि किल्लीही खरी. लांबारेनेत अगदी हेच होते.

आणि तरीही, ज्या पुस्तकात हे वाक्य आहे त्याच पुस्तकात गोऱ्यांच्या वसाहतींवर कडक आरोपपत्र आहे. युरोप म्हणजे बायबलमधला श्रीमंत माणूस आणि आफ्रिका म्हणजे त्याच्या दाराशी पडलेला लाझारस, असे ते म्हणतात. आपण या लोकांना जे देतो तो उपकार नव्हे, ते प्रायश्चित्त आहे. गोऱ्यांनी आणलेली दारू आणि रोग, सक्तीची मजुरी, ओकुमे लाकडाच्या व्यापारासाठी गावेच्या गावे शेती सोडून जंगलतोडीला जुंपली जाणे, हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि लिहिले. आफ्रिकी माणूस आळशी आहे हा गोऱ्यांचा आवडता आरोप त्यांनी मान्य केला नाही. तो आळशी नाही, तो स्वतंत्र आहे, गरजेपुरते काम करतो, असे त्यांचे म्हणणे. फ्रेंच वसाहतींतील सक्तमजुरी कायद्याने बंद व्हायला 1946 साल उजाडावे लागले. हे सारे 1920 च्या आसपास लिहिणाऱ्या माणसाला सरळ वर्णद्वेष्टा म्हणून मोकळे होता येत नाही. त्याला काय म्हणावे, हाच तर प्रश्न आहे.

1924 मध्ये ते परत गेले तेव्हा जंगलाने जुना दवाखाना गिळून टाकला होता. लगेच दुष्काळ आणि आमांशाची साथ आली. नदीच्या वरच्या अंगाला नवी जागा घेतली आणि 1927 च्या जानेवारीत रोगी तिकडे हलवले. या बांधकामाच्या दिवसांत डॉक्टर मुकादम झाले. रोग्यांबरोबर आलेल्या नातेवाइकांनी काम करायचे, तर शिधा मिळायचा. सकाळी हजेरी, हातात कुऱ्हाडी, आणि पाठीशी डॉक्टर. याच काळातली एक गोष्ट ते स्वतः रंगवून सांगत. ओंडका उचलायला माणूस कमी पडत होता. पांढऱ्या कपड्यांतला एक आफ्रिकी तरुण तेथे बसला होता. हात लाव म्हटल्यावर तो म्हणाला, मी बुद्धिजीवी आहे, लाकडे ओढत नाही. यावर डॉक्टरांचे उत्तर असे की, तू नशीबवान. मलाही बुद्धिजीवी व्हायचे होते, पण जमले नाही. गोष्ट फक्कड आहे आणि आपल्यासारख्या पदवीधरांना झोंबावी अशीच आहे. पण चार विषयांतला पंडित लाकूड उचलतो तेव्हा जग त्याला साधू म्हणते. ज्याच्या बापाने आणि आज्याने दुसऱ्याच्या हुकमाने लाकडेच उचलली, तो शिकल्यावर लाकूड उचलायला नाही म्हणतो, त्याचा अर्थ आळस असा एकच होतो का?

याच काळापासून युरोपातून स्वयंसेवक येऊ लागले. 1924 मध्ये डॉक्टरांबरोबर ऑक्सफर्डचा एक विद्यार्थी आला होता. माथिल्डे कोटमान, एमा हाउसक्नेश्ट यांसारख्या स्त्रिया आल्या आणि आयुष्यभर राहिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तर रीघ लागली. 1949 मध्ये श्वाइट्झर गटेच्या द्विशताब्दीसाठी अमेरिकेला जाऊन आले आणि लांबारेने हे जवळजवळ तीर्थक्षेत्र झाले. लॅरिमर मेलन या धनाढ्य अमेरिकनाने तर प्रौढ वयात वैद्यकी शिकून 1956 मध्ये हैतीत श्वाइट्झरांच्याच नावाने रुग्णालय काढले. आज परदेशी जाऊन सेवा करण्याची जी मोठी चळवळ जगभर दिसते तिच्या मुळाशी लांबारेनेचे चित्र आहे, त्याच्या प्रकाशासह आणि सावलीसह.

सावली कोणती, हे तेथे जाऊन आलेल्यांनी लिहून ठेवले आहे. डॉक्टर आणि परिचारिका बाहेरून येणार, आफ्रिकी माणसे मदतनीस राहणार. जेवणाच्या लांब टेबलाच्या मध्यभागी डॉक्टर, भोवती गोरे सहकारी आणि पाहुणे. ज्यांच्या देशात हे टेबल मांडले होते त्यांची पंगत वेगळी. वीज होती ती शस्त्रक्रियेच्या खोलीपुरती. अंगणात शेळ्या, कोंबड्या, माकडे. जेम्स कॅमेरॉन हा ब्रिटिश पत्रकार 1953 मध्ये तेथे गेला आणि निराश होऊन परतला. 1964 मध्ये जेराल्ड मॅकनाइट याने तर एक आख्खे टीकात्मक पुस्तक लिहिले. यांतल्या काही टीकेत पाहुण्याचा नखरा आहे. रोगी आपले कुटुंब बरोबर आणतो, स्वतःच्या चुलीवर शिजवतो, अनोळखी पांढऱ्या खोलीत एकटा पडत नाही, ही व्यवस्था त्या लोकांना रुचणारी होती. आपल्या सरकारी इस्पितळांच्या आवारात नातेवाईक तीन दगडांची चूल मांडतात ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे पटेल.

खरी टीका दुसरीकडून आली, आणि ती फार आधी आली. 1945 मध्ये श्वाइट्झरांच्या सत्तरीनिमित्त अमेरिकेत निघालेल्या गौरवग्रंथात कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी एक लेख लिहिला. गौरवग्रंथात असे लिहायला छाती लागते! श्वाइट्झरांच्या त्यागाला त्यांनी मान दिला, पण आधुनिक शोषणाचे यंत्र या माणसाला पुरते उमगले नाही, उमगले असते तर त्यांनी आफ्रिकेच्या शरीरापेक्षा युरोपच्या आत्म्यावर उपचार केले असते, असा त्यांचा रोख होता. पुढे 1975 मध्ये नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी अमेरिकेतल्या एका व्याख्यानात त्या थोरल्या-धाकट्याच्या वाक्यावर बोट ठेवले. भाऊ म्हणायचे आणि धाकटा ठेवायचे, यात भाऊपण कितीसे उरते, हा त्यांचा मुद्दा.

आपल्या देशाचाही येथे संबंध येतो. भारतात ते कधी आले नाहीत, पण भारतीय विचारावर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि तो 1935 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यात गांधीजी आणि टागोर यांच्याविषयी आदर आहे. तरी एकूण सूर असा की भारतीय विचार जगाला आणि जीवनाला नकार देणारा आहे, तर युरोपचा होकार देणारा. राधाकृष्णन यांनी 1939 च्या आपल्या ग्रंथात याचे सविस्तर खंडन केले. आमच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी हा वाद वर्गात शिकवला तेव्हा तो मायावादाचा कोरडा वाद वाटला होता. आता वाटते, हाही थोरल्या भावाचाच स्वभाव. घरात न येता घराची झडती. फरक इतकाच की येथे उत्तर द्यायला राधाकृष्णन होते, ऑक्सफर्डमध्ये शिकवणारे, इंग्रजीत लिहिणारे. लांबारेनेतल्या जोसेफने डॉक्टरांविषयी काय लिहिले असते, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

हेलेन यांच्याविषयी चरित्रकार फारसे बोलत नाहीत. क्षयाने पोखरलेली ही बाई मुलीला घेऊन बरीच वर्षे युरोपातच राहिली. जन्माने ज्यू असल्याने हिटलरच्या काळात जीव मुठीत धरून तिला पळावे लागले, आणि 1941 मध्ये युद्ध चालू असताना लिस्बनमार्गे ती एकटी लांबारेनेला पोचली. 1957 मध्ये ती वारली.

1952 चे शांततेचे नोबेल पारितोषिक श्वाइट्झरांना 1953 मध्ये जाहीर झाले. तो पैसा त्यांनी कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लावला. 1957 च्या एप्रिलमध्ये ओस्लो नभोवाणीवरून त्यांचे निवेदन वाचले गेले आणि अणुचाचण्यांविरुद्ध जगाचे मत तयार होण्यास त्याने मोठा हातभार लावला. ऐंशी ओलांडलेला माणूस महासत्तांना थांबा म्हणाला. पण घराजवळचा बदल त्यांना उमगत नव्हता. 17 ऑगस्ट 1960 रोजी गाबोन स्वतंत्र झाला. धाकट्याने वाटणी मागितली की दादाला वाटते, याला अजून कळत नाही, हा घर बुडवील. श्वाइट्झरांनाही तसेच वाटत होते. स्वातंत्र्य फार घाईने आले अशीच त्यांची धारणा होती. नव्या पिढीतले शिकलेले आफ्रिकी तरुण त्यांच्याकडे रागाने पाहत, आणि जुने रोगी तितक्याच भक्तीने. 1960 नंतरही सकाळी हजेरी होत होती, डॉक्टर टोप घालून बांधकामावर उभे राहत होते. रुग्णालयात आता सत्तराहून अधिक इमारती होत्या आणि एका वेळी पाचशेहून अधिक रोग्यांची सोय होती.

त्या वयातही रात्री कंदिलाच्या उजेडात ते पत्रांना उत्तरे लिहीत, आणि मग बाखच्या रचना वाजवत. पॅरिसच्या बाख संस्थेने 1913 मध्ये त्यांना एक खास पियानो दिला होता. पायपट्ट्या असलेला, आणि दमट हवेत टिकावा म्हणून आतून जस्ताने मढवलेला. जंगलात तो वाजू लागला की काय वाटत असेल, असे युरोपातले पाहुणे भारावून लिहीत. पलीकडच्या झोपड्यांत चुलीभोवती बसलेल्यांना काय वाटत असेल, ते लिहायला कोणी पाहुणा तिकडे बसला नाही. कॅमेरूनचा दिग्दर्शक बासेक बा कोबियो याने 1995 मध्ये श्वाइट्झरांवर चित्रपट काढला तो याच झोपड्यांच्या बाजूने, तिथल्या एका मुलाच्या नजरेतून. त्या मुलाला डॉक्टर व्हायचे असते.

4 सप्टेंबर 1965 रोजी, नव्वदाव्या वर्षी, श्वाइट्झर लांबारेनेतच वारले. ते युरोपात परतले नाहीत, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनाही दूर सारता येत नाही. सात दिवसांनी शिबिर संपवून एस.टी. पकडणारे आम्ही कोठे, आणि बावन्न वर्षांचा हा संसार कोठे! नदीच्या काठी, हेलेनच्या रक्षेशेजारी त्यांना पुरले. थडग्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने केलेला साधा क्रूस आहे.

रुग्णालयाची व्यवस्था काही वर्षे मुलगी ऱ्हेना हिने पाहिली. 1981 मध्ये नवी इमारत झाली आणि त्याच वर्षी तेथे संशोधनशाळाही सुरू झाली. हिवतापावरील पहिल्या लसीच्या चाचण्या आफ्रिकेत ज्या ठिकाणी झाल्या त्यांत लांबारेने हे एक. त्या प्रयोगशाळेत आता आफ्रिकी शास्त्रज्ञ काम करतात आणि त्यांचे निबंध त्यांच्या स्वतःच्या नावाने छापले जातात. जुन्या दवाखान्याच्या लाकडी इमारती जपून ठेवल्या आहेत. तेथे आता संग्रहालय आहे. कोलमारचे ते स्मारक मात्र 1940 मध्ये नाझींनी फोडले. नंतर ते पुन्हा उभारले, पण खालच्या आकृती नव्या आहेत.